पालथी भांडी वाचणारे इवाई

काहीही काम नसताना तहसील कचेरीत जाणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. बाकी आपण सगळे तिथे नाइलाजाने जातो, कपाळाला आठ्या घालून जातो, आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर बसून कोणाला तरी चार शिव्या घातल्याशिवाय घरी परतत नाही. आमचे इवाई मात्र तिथे सासुरवाडीला निघाल्यासारखे जातात. धुतलेला सदरा, डोक्याला चापून तेल, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. वऱ्हाडात मुलीच्या सासऱ्याला इवाई म्हणतात. पुस्तकात त्याला व्याही म्हणत असतील, पण त्या शब्दात आमचा माणूस मावत नाही. कचेरीच्या आवारात कोणी ओळखीचा भेटला की विचारतो, "काय इवाई, फेरफार अडकला का?" इवाई म्हणतात, "नाई बा, फेरफार कायले अडकते. पणजा पाहाले आलो." तो बिचारा विचारतो, "कोणाचा?" तर म्हणतात, "कोनाचाबी चालते."

रिसोडच्या बाहेर, गाव संपतं न संपतं तिथे त्यांचं बागायती वावर आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. पहाटे माल तोडून मंडईत गेला की दुपारी माणूस मोकळा. आता मोकळा माणूस आमच्या भागात काय करतो? पारावर बसतो, पत्ते कुटतो, फार तर राजकारणावर बोलून स्वतःचा रक्तदाब वाढवून घेतो. इवाई मेलेली माणसं शोधतात. आपलीच शोधतात असंही नाही. स्वतःची सापडली नाहीत तर दुसऱ्याची शोधून देतात, आणि ती त्याला हवी आहेत की नाहीत हे विचारण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शेलूबाजारात माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. ऐन पेरणीच्या गर्दीत, काउंटरवर सोयाबीनच्या बॅगेसाठी हुज्जत चाललेली असताना माझा फोन वाजतो आणि पलीकडून आनंदानं फुललेला आवाज येतो, "इवाई, तुमचा चुलत पणजा घरजावई गेल्ता, मालूम हाये का तुमाले?" आता ही बातमी मी गिऱ्हाइकांसमोर कोणत्या तोंडानं ऐकायची, तुम्हीच सांगा.

आमची पहिली भेट सोयरीक जुळवताना झाली. मंडळी पोरगी पाहायला आली होती. मुलगा पुण्यात नोकरीला, घरदार चांगलं, मी आपला अदबीनं हात चोळत बसलेलो. चहा-पोहे झाले, बाकीच्यांनी पोरीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. इवाईंनी मला विचारलं, "तुमच्या आजीचं माहेर कोनतं?" मी म्हटलं, आजीला जाऊन जमाना झाला, तिचं माहेर आता कशाला लागतं? तर म्हणाले, "पोरीची पणजी ना थे." मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं छताकडे पाहिलं. इवाईंना आमची फार दया आली असावी. त्यांनी ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा ग्लास पालथा करून डोळ्यांजवळ नेला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या हिला वाटलं, ग्लास उष्टा-खरकटा निघाला की काय. तेवढ्यात इवाई म्हणाले, "इहिनबाई, हा गिलास तुमचा नाई." आणि ग्लासाच्या बुडावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं नाव त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. नाव आमच्या मागच्या घराचं होतं. कोणत्या तरी लग्नाच्या धामधुमीत तो ग्लास आमच्याकडे आला होता आणि राहिला होता. त्यांनी मागितला नव्हता, आम्ही दिला नव्हता. सोयरीक तुटली असंच मी धरून चाललो. पण इवाई खूष होते. म्हणाले, "पोरगी तं चांगलीच हाये, तिले काय पाहाचं. बाकी तुमच्या घरी वाचाले लय भेटन." त्याच संध्याकाळी आमची ही चार चकल्या घालून तो ग्लास मागच्या घरी देऊन आली, आणि येताना आमची हरवलेली पितळी पळी घेऊन आली. एवढ्या वर्षांनी माहेरी आलेल्या त्या पळीला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पोरीच्या लग्नातही आलं नसेल.

भांड्यांबद्दल इवाईंचं म्हणणं एकदम पक्कं आहे. जुन्या लोकांनी लिहून काही ठेवलं नाही, पण भांड्यावर नाव ठोकल्याशिवाय कोणाला काही दिलं नाही. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशाला, कोणाकडून, कोणत्या गावाहून. सगळं बुडाशी नाही तर काठाशी आहे. "कागदाले वाळवी लागते, इवाई. मान्साले लाज लागते. गंगाळाले काय लागते? फक्त चिंच लागते." चिंचेनं घासलं की अक्षर वर येतं, असा त्याचा अर्थ. त्यामुळे हा माणूस कोणाच्याही घरी गेला की पाहुणचार उलटा सुरू होतो. वाटी पालथी, तांब्या पालथा, देवघरातली पळीसुद्धा डोळ्यांना लावतात. एका लग्नात स्वयंपाकाच्या मांडवात शिरून ते भांडी उलथीपालथी करत होते, तेव्हा आचाऱ्यानं त्यांचा हात धरला. "चोरून राह्यले का?" "नाई बा, वाचून राह्यलो." आचारीही आमच्याच भागातला. त्यानं रश्श्याचं तळाला लागलेलं पातेलं पुढं सरकवलं आणि म्हणाला, "मंग हे बी वाचा. अन् वाचून झालं की घासून ठेवा." इवाईंनी खरंच घासलं. त्यावर काही निघालं नाही, पण पातेलं लख्ख झालं.

पोरीच्या लग्नाला वर्ष होत आलं तरी मी समजत होतो की हा एक छंद आहे. कोणाला कबुतरं असतात, ह्यांना पणजोबा. खरी गोष्ट कळली ती मी त्यांच्या वडिलांना भेटायला गेलो तेव्हा. वडिलांना घरात सगळे आबा म्हणत. नव्वदीला टेकलेले, कानानं कमी, पण नजर अशी की मेथीच्या जुडीत गवताची काडी असली तर बाजेवरून सांगायचे. आबा झोपले होते, म्हणून इवाईंनी मला वांग्यांच्या ओळीत नेलं आणि सांगितलं. आबांची आई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. बापानं दुसरं लग्न केलं. दुसरी आली ती गिरजा, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिनं आबांना असं वाढवलं की सावत्र हा शब्द त्या घरात कोणाला उच्चारावा लागला नाही. आपल्याला जन्म देणारी दुसरीच होती हे आबांना मोठेपणी कळलं. पण तिचं नाव विचारायचं कोणाला? गिरजेला विचारावं तर तिच्या जिवाला लागेल, म्हणून विचारलं नाही. बाप त्या विषयावर तोंड उघडत नव्हता. आणि गिरजा गेली तेव्हा सांगणारं कोणी शिल्लक नव्हतं. "मांगं एकदा दुखन्यात पडले तवा मले म्हनले," इवाई सांगू लागले, "बाबू, आता माहे जाचे दिवस आले. वरतं साऱ्यायले हाका मारीन मी. तिले कशी मारू? नावच मालूम नाई." इवाईंनी एक किडकं वांगं तोडून बांधावर फेकलं. "बापानं जिंदगीत माह्याजोळ एक गोष्ट मांगतली, इवाई. अन् थे मले देता नाई आली."

म्हणजे माणूस आपल्या आजीचं नाव शोधत होता, आणि शोधताना वाटेत सापडलेली बाकीची मेलेली माणसं लोकांना फुकट वाटत होता. हे कळल्यावर मी त्यांच्या फोनवर चिडणं सोडलं. कमी केलं म्हणा.

फुकट हा शब्द महत्त्वाचा. पैसे टाकून पूर्वज मिळवणं इवाईंना मान्य नाही. एकदा एक गृहस्थ चौकट करून वंशावळ देतो म्हणून गावात आला होता. चार-पाच घरांच्या वंशावळी त्यानं भिंतीवर लावूनही टाकल्या, आणि सगळ्या वर जाऊन कोणत्या ना कोणत्या राजाच्या घरात शिरल्या. इवाईंनी त्याला वावरातून परत पाठवला. "सारे राजेच होते तं मंग वांगे कोन लावत होतं?" आमच्या जावयानं, म्हणजे त्यांच्याच मुलानं, दिवाळीत आल्यावर सांगितलं की बाबा, आता थुंकी पाठवली की सगळं घराणं कळतं. इवाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे थुंकी आपली, बाप आपला, अन् पैसेबी आपुनच द्याचे? अन् सांगतीन काय, तं तुमी आफ्रिकेतून आले. अबे, मले रिसोडातली एक बाई सापडून नाई राह्यली, आफ्रिकेत कोनाले इचारू?"

त्यापेक्षा त्यांचे मार्ग स्वस्त. जुन्या लग्नपत्रिका हा एक. लोक पत्रिकेत मुहूर्त पाहतात. इवाई तळातली बारीक अक्षरं वाचतात आणि कोणाचं नाव नाही ते पाहतात. "ज्याच्या नावामांगं कैलासवासी लिहेल हाये थो मेला. ज्याचं नावच नाई थो जित्ता हाये अन् रुसला हाये." दुसरा मार्ग म्हणजे तेरवी. तेराव्याच्या जेवणाला सगळ्या सोयऱ्यांमधले म्हातारे एका ठिकाणी येतात, जेवण झालं की कुठे जात नाहीत, आणि गेलेल्या माणसावरून त्याच्या आधी गेलेल्यांवर बोलणं आपसूक जातं. इवाई ओळख नसलेल्या तेरवीलाही जातात. परत आले की मला अहवाल देतात. त्यांच्या हिशेबी म्हातारे तीन प्रकारचे: चालू, बंद, आणि सकाळून चालू पण जेवल्यावर बंद. त्या तिसऱ्या प्रकारापायी त्यांनी कितीतरी बुंदीचे लाडू हातचे घालवले, कारण पंगत बसायच्या आतच म्हातारा गाठावा लागतो. शाळेची जुनी दाखल-खारीजची रजिस्टरं पाहायला जातात तेव्हा हेडमास्तरांसाठी कोथिंबिरीची जुडी नेतात. ही लाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. जुन्या कागदांची धूळ नाकात जाते, त्यावर वास बरा पडतो.

जुने कागद मोडीत असतात हे कळल्यावर इवाई मोडी शिकले. क्लास कुठे आहे, फी किती, याची चौकशीही केली नाही. फोनवर फुकट पाहून, बांधावर बसून काडीनं मातीत गिरवून शिकले. शिकले ते शिकले, पण हात शिवशिवायला लागला. मंडईत जाणाऱ्या पोत्यांवर ते आपलं नाव मोडीत घालू लागले. हमालांना वाचता येईना, अडत्याला वाचता येईना. दोन दिवस त्यांची वांगी बेवारशी पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी कोणाची तरी कोहळी त्यांच्या नावावर जमा झाली. इहिनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या रात्री ताटात नुसतं कोहळं वाढलं आणि विचारलं, "हे कोन्या भाषेत खाता?"

एवढं सगळं करून आजीचं नाव मात्र मिळत नव्हतं. दरम्यान आबा थकत चालले होते. इवाई घरात आले की आबा मान वर करून नुसते पाहायचे, विचारायचे नाहीत. इवाईंनी नकारार्थी मान हलवली की पुन्हा वांग्यांचा भाव विचारायचे.

आणि एके दिवशी इवाईंचा फोन आला. "इवाई, सापडलं. पण चुकलं." आमच्याकडे पूर्वी गावोगावचा कोतवाल जन्मल्या-मेल्याची वर्दी द्यायचा, ते लिहायचं बुक असायचं. त्या कोतवाल बुकात आबांच्या जन्माची नोंद मिळाली, आणि तिच्यापाठोपाठ त्यांच्या आईच्या मृत्यूचीही. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, कारण बाळंतरोग. आणि मेलेल्या बाईचं नाव लिहिलं होतं, गिरजा. "गिरजा कशी मरन?" इवाई फोनवर ओरडत होते. "गिरजेच्या हातचा हुरडा खाल्ला म्या! म्या लहानपनी तिच्या पाठीवर बसून वावरात गेलो! लिहिनारानं मांगून भरलं असन. मेली ते एक, लिहिली ते दुसरी." मलाही ते पटलं. त्यांनी लगोलग दुरुस्तीचा अर्ज लिहिला. कचेरीतल्या बाईंनी समजावलं की काका, हे लिहिलं तेव्हा माझे आजोबासुद्धा जन्मले नव्हते. तरी हे ऐकेनात, तेव्हा त्यांनी अर्ज हातात घेऊन विचारलं, "बरं, गिरजा चूक. मग बरोबर नाव काय टाकू?" इवाई म्हणाले, "अवो, थेच तं पाहाले आलो मी!" त्या बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

त्यानंतर मी रिसोडला गेलो तर घरात अबोला होता. इवाई ओसरीत बसून होते, इहिनबाई गोठ्यात. एका फुटक्या काठाच्या पितळी गुंडात, म्हणजे पाण्याच्या जुन्या घागरीवजा भांड्यात, त्या म्हशीसाठी सरकी भिजवत होत्या. मला पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याचे भांडे पालथे केले. घरचा गुंड घासून द्या म्हटलं तं मानूस उठून नाई राह्यला." इवाई उठले. सरकी ओतली, गुंड पालथा केला, चिंच घेऊन घासायला बसले. घासता घासता हात थांबला. काठाखाली ठिपक्यांची ओळ होती. त्यांनी वाचलं, मला वाचायला लावलं, मग इहिनबाईंना. 'गिरजा, मु. धनज.' गिरजा मालेगावकडची, तिचा धनजशी काय संबंध? धनज तिकडे कारंजा तालुक्यात. इवाईंनी निकाल दिला, "ठोकनाराबी चुकला." तेव्हा मात्र इहिनबाईंचा संयम सुटला. "लिहिनारा चुकला, ठोकनारा चुकला, अन् तुमी तेवढे बराबर! काहून, एका नावाच्या दोन बाया राहू शकत नाई का जगात?" इवाई तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नजरेनं त्यांनी बायकोकडे कधी पाहिलं नसेल.

दुसऱ्याच दिवशी ते रिसोडहून जीपनं माझ्या दुकानात हजर झाले. मांडीवर गुंड. जीपमधल्या दोघांनी त्यांना "इकता का?" म्हणून विचारलं होतं, त्याचा राग चेहऱ्यावर होता. मला कारंजाला काम होतंच, मी दुकान बंद केलं आणि आम्ही पुढे धनजला गेलो. पारावर म्हातारे बसले होते. इवाईंनी एका नजरेत चालू कोण ते ओळखलं, त्याच्यासमोर गुंड ठेवला आणि विचारलं, फार वर्षांपूर्वी इथली गिरजा नावाची पोरगी रिसोडकडे दिली होती का? त्या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं, पण कोणाला ठाऊक असेल ते ठाऊक होतं. त्यानं आम्हाला एका घरी नेलं.

घरातली म्हातारी ऐंशीच्या पुढची होती. तिनं आम्हाला पितळेच्या पेल्यांत पाणी दिलं. इवाईंनी पाणी पिऊन झाल्यावर पेला सरळच धरून ठेवला, तेव्हाच मला कळलं की माणूस घाबरलेला आहे. म्हातारीनं गुंडावरून हात फिरवला. "गिरजा माह्या सासऱ्याची बहीन. मी नाई पाह्यलं तिले, मी लगन होऊन आली तवा थे कवाचीच गेल्ती. माही सासू सांगे. पहिल्या बाळंतपनात गेली. मंग जवायानं दुसरी केली. केली तं केली, लेकरू होतं, कराच लागते. पन नव्या नवरीचं नाव काय ठेवलं, तं गिरजाच. माह्या सासऱ्याले लय राग आला. म्हने, बहीन गेली, तिचं नाव तरी तिच्याजोळ राहू द्याचं होतं. तवापासून जानं-येनं बंद. कोनी तिकडे पाह्यलं नाई अन् तिकडून कोनी आलं नाई." लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आपल्याकडे घरोघर होतीच; पण त्या माणसानं दुसऱ्या लग्नात दुसरं नाव शोधलंच नव्हतं. मग म्हातारीनं विचारलं, "थे लेकरू जगलं का मंग?"

"जगलं," इवाई म्हणाले. "बाजेवर बसून वांग्याचे भाव इचारते."

म्हातारी हसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. आम्ही निघालो तेव्हा तिनं सुनेला आत पाठवून एक कोरी टोपी आणि टॉवेल आणवला आणि इवाईंच्या हातात दिला. "भाच्याले द्या. मामाच्या घरचं राह्यलं होतं." परतीच्या वाटेवर इवाई एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आठवणीतला तो एवढाच प्रवास, ज्यात मला माझ्या कोणत्याही पूर्वजाबद्दल काही ऐकावं लागलं नाही.

मीही त्यांच्यासोबत रिसोडला गेलो. आबा बाजेवर उठून बसले होते. इवाईंनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, तुमच्या मायचं नाव गिरजा!"

"थे तं मले मालूम हाये."

"थे नाई! जन्म देनारीचं! तिचंबी गिरजाच! धनजची होती थे. तिचंच नाव तुमच्या बापानं दुसरीले ठेवलं!"

आबांना समजायला वेळ लागला. इवाईंनी पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं, गुंड दाखवला, मामाच्या घरची टोपी कोणाकडून आली ते सांगितलं. आबा टोपीवरून हात फिरवत राहिले. "बापाले थे नाव सोडवलं नसन," एवढंच म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हंजे मी वरतं जाऊन गिरजा म्हनून हाक मारली, तं दोघीबी ओ देतीन." इहिनबाई हसल्या, मी हसलो, इवाई तर हसता हसता रडायलाच लागले. बापानं मागितलेली गोष्ट त्यांनी दिली होती. मला वाटलं, चला, सुटला माणूस. आता वांगी लावील आणि दुपारी झोपेल.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन बाबू," ते म्हणाले, "मंग दुसरीचं आपलं नाव कोनतं होतं? तिच्या मायबापानं ठेवलेलं? मले वाढवलं थे पोरगी कोन्या नावाची आली होती या घरात?"

जिनं आबांना पाठीवर बांधून वाढवलं, ती जन्मभर दुसऱ्या बाईच्या नावानं जगली, त्या नावानं मेली, आणि एवढ्या शोधाशोधीत ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, हे सांगितलेलं बरं. इवाई उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

त्या थंडीत आबा गेले. तोवर इवाई मालेगाव तालुक्यातल्या त्या खेड्यात कितीदा जाऊन आले त्याला गणती नाही. तिच्या माहेरचं घर तिथे आता नाही. माणसं कधीतरी पोटापाण्यासाठी निघून गेली, कुठे गेली ते गावात कोणाला नीट सांगता येत नाही. चालू म्हातारे संपले आहेत. भांडी मोडीत गेली. इवाई तरी जातात. तेरव्यांना जातात, पत्रिका वाचतात, मला फोन करतात, पण माझ्या पणजोबांबद्दल आता काही सांगत नाहीत. मलाच मधून मधून वाटतं, विचारावं.

यंदा अक्षय्य तृतीयेला मी त्यांच्याकडे होतो. गेलेल्या माणसांसाठी त्या दिवशी पाण्याच्या घागरी भरतात. अंगणात नव्या मातीच्या घागरी ओळीनं मांडल्या होत्या. इवाई एकेक घागर भरत होते, नाव घेत होते, हात जोडत होते. आबांची भरली. आबांच्या बापाची भरली. मग गिरजेची, धनजच्या. शेवटची घागर भरताना त्यांनी पाणी सावकाश ओतलं, काठोकाठ, वर पिकलेला आंबा ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. मी मागेच उभा होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

"आजी," ते म्हणाले, "तुहं नाव पाहून राह्यलो मी. तोवर हे पानी असंच पेजो."